मिशीवाल्यांची अर्धी मिशी

"फादर्स डेला बापाचं काम लेकीनं करायचं असतं," असं म्हणत लेकीनं रविवारी सकाळी सातलाच बापाला सलूनच्या खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती कापड बांधलं. अख्खा बाजार त्यांना मिशीवाले म्हणायचा. दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतंच, नुसती मिशी रंगवली होती. लेक सहा वर्षं तिथं केस झाडत होती आणि फुग्यांना फेस फासून वस्तरा शिकली होती. आता तिला दुकानातली दुसरी खुर्ची हवी होती. मिशीवाल्यांचं उत्तर ठरलेलं, "गिऱ्हाईक म्हणजे फुगा नव्हे!"

"आज दाढी नीट झाली, तर खुर्ची माझी. कबूल?"

"कबूल."

डावा गाल असा गुळगुळीत झाला, की मिशीवाल्यांना मनातून भरून आलं. ते लपवायला त्यांनी सूचना सुरू केल्या. "वस्तरा तिरका धर. अगं, असा, आरशात बघ..." म्हणत त्यांनी स्वतःच झटक्यात मान वळवली. बावीस वर्षं गिऱ्हाइकांवर 'मान हलवू नका' म्हणून खेकसणारा माणूस! अर्धी मिशी कापडावर पडली.

"बाबा, तुम्हीच हललात!" लेक रडकुंडीला आली.

"गप. रडायचं ते नंतर रड."

कारण दारात शिंपी आणि बेकरीवाला उभे होते. "अहो मिशीवाले, हे काय झालं?"

पडलो तरी नाक वर! "झालं काय म्हणजे? प्रथा आहे ही. फादर्स डे सुरूच असा झाला. एक राजा लढाईला निघाला, तेव्हा त्यानं अर्धी मिशी लेकीकडे ठेवली. म्हणाला, उरलेली द्यायला परत येईन. तेव्हापासून ज्या बापाचा लेकीवर विश्वास, तो अर्धी मिशी देतो."

"मग आमचा काय विश्वास नाही होय?" बेकरीवाला तावातावानं खुर्चीत बसला. अर्धी गेल्यावर उरलेली त्यालाच बघवेना, म्हणून तीही गेली. मग शिंपी बसला. बातमी बाजारभर झाली आणि दहाला दाराबाहेर रांग लागली.

तेवढ्यात इतिहासाचे निवृत्त मास्तर आले. गोष्ट ऐकून कडाडले, "साफ थाप! आई गेल्यावर सहा मुलांना एकट्यानं वाढवलेल्या बापासाठी त्याच्या लेकीनं हा दिवस सुरू केला. त्यात ना राजा, ना मिशी!"

 लेकीचा वस्तरा थांबला. गेली पोरीची खुर्ची, असं वाटून मिशीवाल्यांनी उरलेली मिशी हातानं झाकली.

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीत बसले. "राजा मात्र शहाणा होता हो. माझी लेक लांब असते. तिच्या वतीनं तूच काढ, बाळ."

"मान हलवू नका," लेक म्हणाली. मास्तर शहाण्या मुलासारखे बसून राहिले.

दुपारी मिशीवाल्यांनी आपली खुर्ची झटकली. "या हो, इथं रिकामी आहे!"

"नको, नको. आम्ही लेकीसाठी थांबलोय."

मिशीवाल्यांची छाती अशी फुगली, की ताव द्यायला हात ओठावर गेला. नेमकी कापलेली बाजू निघाली, तिथं काहीच नव्हतं. त्यांनी गुपचूप कोपऱ्यातला झाडू उचलला आणि केस झाडायला लागले.

"बाबा," मागे न बघता लेक म्हणाली, "माझ्या खुर्चीखालचं राहिलं."