बुटकं होत चाललेलं घर

"आज कुठवर?" सासूबाईंनी खुर्चीत बसून पाय हलवत विचारलं. त्यांची उंची बेताची, त्यामुळे कुठल्याही खुर्चीत बसल्या की त्यांचे पाय लोंबकळत.

"खांद्याच्या वर चार बोटं," भिंतीला नाक लावून उभी असलेली सून म्हणाली. "आई गं! नाही, तीनच. चौथं लबाडीनं धरलं मी."

लबाडी तिला मुळात जमायचीच नाही. ती शिंपीण होती, आणि मापात खोटं बोलायचं नाही हा तिचा बाणा. "कंबर तीन इंच वाढलीय हो," असं ती गिऱ्हाइकाला भर दुकानात सांगायची, आणि गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं तर खुशाल जाऊ द्यायची. उजव्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, पुढचे उपचार संपले, रिपोर्टही चांगले आले. पण उजवा हात काही खांद्याच्या वर जाईना. तेव्हा घरी येणाऱ्या व्यायामाच्या बाईंनी तिला कपाटाशेजारची भिंत दाखवली. बोटांनी रोज ही भिंत चढायची, मुंगीच्या चालीनं, आणि पोचाल तिथे पेन्सिलीनं खूण करायची.

त्यावर शिंपिणीनं आपली एक अट घातली. आपली मोठी कातर तिनं नवऱ्याला सहा फुटी कपाटावर ठेवायला लावली. "ती मी याच हातानं खाली काढीन, त्या दिवशी दुकान उघडीन. स्टूल नाही, टाचा उचलायच्या नाहीत. आणि नाही निघाली तर समजायचं, हा हात कामातून गेला."

त्यात शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन. "बँडच्या मुलांचे चाळीस कोट आहेत. तुमच्यासाठी थांबलेय मी. पण एक तारखेला हो की नाही ते सांगा बाई." फोन ठेवला आणि इतक्या दिवसांत कधी न रडलेली शिंपीण ढसाढसा रडली.

नवरा दारातून बघत होता. तो सुतार. त्याला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कळत नसे, पण लाकडाचं सगळं कळायचं. हात वर जात नसेल तर कपाट खाली आणू, एवढा सरळ विचार त्यानं केला. कपाटाचे पाय चांगले वीतभर होते. बायको फिरायला गेली की तो कपाटाखाली पाचर मारायचा आणि चारही पायांचा अर्ध्या-अर्ध्या बोटाचा तुकडा उडवायचा. पूर्वी रंगाऱ्यानं आळस करून कपाट न हलवताच भिंत रंगवली होती, त्यामुळे कपाट खाली येताच वर जुन्या निळ्या रंगाची पट्टी दिसायला लागली. सुतारानं कपाटावर एक रिकामं खोकं चढवून ती झाकून टाकली. झालं काम!

कसलं झालं? शेजारच्या टेबलाची कड कपाटाच्या कडीला बरोबर लागायची, ती आता वर दिसू लागली. मग टेबलाचे पाय कापले. टेबल खाली गेलं तर खुर्च्या उंच वाटायला लागल्या. मग खुर्च्याही कापल्या. एका खुर्चीचा एक पाय जास्त गेला म्हणून उरलेले तीन, आणि तिच्या जोडीला बाकीच्या तीन खुर्च्या. शिंपिणीची नजर एरवी सुतासुताचा फरक पकडायची, पण त्या दिवसांत ती नजर स्वतःच्या बोटांवरून हलतच नव्हती.

सासूबाईंची मात्र हलली. एका सकाळी त्या कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या, "बाळ्या! अरे बाळ्या, माझा अंबाडा आरशाबाहेर गेला!"

"अंबाडा मोठा घातला असशील, आई," बाळ्या, म्हणजे पन्नाशीचा सुतार, घाम पुसत म्हणाला.

"अंबाड्याचं काय घेऊन बसलास? काल खुर्चीत बसले तर पाय जमिनीला टेकले! जन्मात कधी टेकले नव्हते! मी वाढतेय रे!"

"या वयात?"

"सूनबाईबरोबर मीही चढते की भिंत रोज! त्याचाच गुण!"

आता हे सासूबाईंच्या पोटात राहतंय होय? दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी दोन बायका आल्या, तिसऱ्या दिवशी पाच. "आमच्या पोरीला तीन बोटं उंची कमी पडतेय हो," म्हणत एक जण लेकीलाच ओढत घेऊन आली. भिंतीवर जागा पुरेना. कोणी दारावर चढत होतं, कोणी खिडकीच्या चौकटीवर. सासूबाई बुटक्या खुर्चीत पाय घट्ट रोवून हुकूम सोडत होत्या, "मुंगी! मुंगी व्हा! पाल नका होऊ!" शिंपिणीला हसू आवरेना, आणि हसता हसता तिची बोटं रोज थोडी वर सरकत राहिली. सुतार तेवढा ती भिंतीशी गेली रे गेली की करवत घेऊन अंगणात पळायचा आणि मिळेल ते लाकूड कापत बसायचा.

महिनाअखेरच्या शनिवारी व्यायामाच्या बाई आल्या. भिंतीला नाकं लावून उभ्या असलेल्या नऊ बायका बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या. मग शिंपिणीचा खांदा तपासला आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "अहो, काय बघता? काढा ती कातर!"

 सुतारही आज आत आला होता. शिंपिणीनं दीर्घ श्वास घेतला, हात उचलला, आणि कातर खाली!

"निघाली! निघाली!" बायकांनी घर डोक्यावर घेतलं. सासूबाई तर खुर्चीवरच चढल्या.

शिंपीण मात्र हसेना. "माझं कोपर वाकलेलंच होतं," ती हळूच म्हणाली. हात ताणायच्या आतच कातर हाताला लागली होती. तिनं गळ्यातली टेप काढली आणि कपाटाला लावली. "साडेपाच फूट. हे कपाट सहा फुटांचं होतं. मी मापून घेतलं होतं!"

सगळ्या नजरा सुताराकडे वळल्या. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

"अहो, तुम्ही?"

"अर्धं-अर्धं बोटच काढायचो गं रोज..."

शिंपिणीचा चेहरा पार उतरला. कातर तिनं बुटक्या टेबलावर ठेवून दिली. "म्हणजे माझा हात वर आलाच नाही. कपाट खाली आलं. आता मोठ्या बाईंना नाही म्हणून कळवते."

"कुणी सांगितलं आला नाही म्हणून?" व्यायामाच्या बाई म्हणाल्या. खोक्याच्या कडेनं डोकावणारा निळा रंग बघून त्यांनी कपाटावरचं खोकं बाजूला केलं. भिंतीवर जुनी निळी पट्टी उघडी पडली, आणि तिच्या वरच्या कडेला कपाटाची मूळची उंची. "आता या खुणा बघा. भिंतीचे पाय तर कुणी कापले नाहीत ना?"

पेन्सिलीच्या खुणा एकीवर एक चढत गेल्या होत्या. शेवटची, कालची, निळ्या पट्टीच्याही वर होती. शिंपिणीनं टेप लावली. एकदा, दोनदा. "दोन बोटं वर!" ती ओरडली. "अहो, दोन बोटं वर! कपाट तसंच असतं ना, तरी मी काढली असती! एवढ्या खुणा भिंतीवर होत्या, तुम्ही एकदा तरी बघायचं होतं!"

"कसं बघणार?" सुताराचा आवाज चिरकला. "तू भिंतीशी गेलीस की कण्हायचीस. मला ते ऐकवत नसे. मग मी बाहेर जाऊन करवत चालवायचो."

 शिंपिणीनं उजवाच हात उचलला आणि नवऱ्याच्या केसांतला भुसा झटकला. त्याचं डोकं तिच्यापेक्षा बरंच उंच होतं.

एक तारखेला दुकान उघडलं. मोठ्या बाईंना सकाळीच 'हो' कळवून झालं होतं. पहिलं गिऱ्हाईक घरचंच होतं. आपले सगळे गाऊन काखेत मारून सासूबाई हजर! परवाच्या गोंधळात खुर्चीवर उभ्या राहून त्या टाळ्या पिटत होत्या, त्यामुळे कपाटाच्या पायांची भानगड त्यांच्या कानावर गेलीच नव्हती.

"सूनबाई, यांची खालची दुमड उसवून लांब कर बाई. आता आखूड होणार मला. घे माप."

शिंपिणीनं टेप लावली. डोक्यापासून टाचेपर्यंत नीट मापलं. सासूबाई गेल्या खेपेपेक्षा अर्ध्या इंचानं कमीच भरल्या.

त्या डोळे विस्फारून वाट बघत होत्या. दारात सुतार टेबलाला आणि खुर्च्यांना नवे पाय जोडायला लाकूड घेऊन उभा होता.

"वाढलीय हो उंची, आई," शिंपीण म्हणाली. "चांगली तीन बोटं."

आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ते लाकूड ठेवून द्या बघू आत."