विजयकरांच्या गालाचा रंग

माणसाच्या कातडीचा रंग चार ट्यूबांत असतो, असं अच्युत छातीठोकपणे सांगायचा. पांढरा, यलो ऑकर, लाल आणि नखभर निळा. "समोर दिसेल तोच रंग कॅनव्हासवर उतरणार. फरक सापडला तर ब्रश सोडून देईन."

"ब्रश राहू दे," कमलाकांत विजयकर म्हणाले. "माझं चित्र काढ. रंग चुकला तर बेबीचं नाव काढायचं नाही."

बेबी त्यांची मुलगी. अच्युतने तिला मागणी घातली होती, आणि विजयकर सचिवालयात हेडक्लार्क असल्यामुळे कुठलाही अर्ज तपासल्याशिवाय सोडत नसत.

फणसवाडीतल्या त्यांच्या बिऱ्हाडात तीन रविवार बैठका झाल्या. विजयकरकाका गॅलरीच्या दाराशी, अच्युतचं ईझल आत मोरीजवळच्या खिडकीपाशी. पहिल्या रविवारी लाल जरा जास्त लागला. दुसऱ्या रविवारी यलो ऑकरची ट्यूब पिळून पिळून चपटी झाली. तिसऱ्या रविवारी निळ्याला हातच लागला नाही.

"काका, ब्लडप्रेशर वगैरे?"

"तू तुझं काम कर."

चौथ्या रविवारी चित्रावरचं फडकं निघालं. काकांचा चेहरा ताज्या जिलबीसारखा केशरी होता.

समोरच्या चाळीतला रामदासही चित्र बघायला आला होता. तो संयुक्त महाराष्ट्राचा कार्यकर्ता. "काका, तुम्हीसुद्धा आमच्यात? आणि कळू दिलं नाहीत."

"हळू बोल रे. पेन्शनला दोन वर्षं आहेत माझ्या." मग ते अच्युतकडे वळले. "विषय संपला."

बेबी गॅलरीच्या दारातून समोरच्या चाळीकडे बघत होती. तिने रामदासला विचारलं, "तुमची कापडं उरलीत का थोडी?"

रामदासची मंडळी दर रविवारी झेंड्यांची कापडं केशरी रंगात बुडवून समोरच्या कठड्यावर वाळत घालत. सरकारी नोकराने तिकडे बघायचं नाही, म्हणून काका बघत नसत. कालच्या मोर्चात बहुतेक कापडं गेली होती. उरलेली रामदासने कठड्यावर पसरली. ऊन पडलं, कापडांचा केशरी उजेड गॅलरीच्या दारात आला. बेबीने वडलांना खुर्चीत बसवलं. गाल आणि कॅनव्हास, तंतोतंत एक.

बेबीची आई, राजलक्ष्मीकाकू, चित्रापाशी गेल्या. "लग्नाच्या दिवशी हळदीने तुम्ही अस्सेच दिसत होतात."

काकांनी घसा साफ केला. "रंग बरोबर आहे. पण हे भिंतीवर लागणार नाही. माळ्यावर टाका. बेबीच्या हळदीला काढू, त्या दिवशी कुणी विचारणार नाही."

अच्युतचा चेहरा उतरला. "बेबीचं लग्न ठरलं? कुणाशी?"

"तीन रविवार समोर वाळत घातलेलं कापड ज्याला दिसलं नाही, त्याच्याशी."