विहिरीतलं जहाज

"आबा, पाण्याचा चोर सापडला म्हणूनच समजा!" शिवराज छाती फुगवून बोलून गेला, आणि तिथंच त्याचे ग्रह फिरले!

तसा हा शिवराज एरवी गुणी पोरगा. सोलापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. होटगीची ऋतुजा त्याला पसंत, तिलाही तो पसंत. गाडं अडलं होतं ते एका विहिरीपाशी! ऋतुजाचे वडील मानसिंगराव आणि थोरले चुलते कोंडीबाआबा, दोघांची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पण हल्ली ज्याची पाळी येईल त्यानं डोकावून बघावं, तर पाणी तळाला! दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघेनात. आणि थोरल्यांच्या होकाराशिवाय त्या घरात सुपारी फुटत नाही. आबांनी तर जाहीरच करून टाकलं होतं, "आदी चोर दावा, मग लग्नाचं बोला!"

"दावतो की!" शिवराज म्हणाला. "पाणबुडी समुद्राच्या पोटात दडलेली असते, तिला वरचं काही दिसत नाही. मग जहाज कसं ओळखते? कानानं! पाण्यात माइक सोडायचा आणि गप ऐकत बसायचं. जहाजाचा पंखा फिरला की त्याची घरघर पाण्यातून कोसच्या कोस लांब जाते. कसलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो, हे मालवाहू, हे लढाऊ!"

"आन् आमच्या हिरीत जहाज कुटनं येणार?"

"जहाज नाही आबा, मोटार! चोरानं पाण्यातली मोटार खोल सोडली असेल तर वर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पण पाण्यात कान घातला की पकडलीच!"

"पाहुणं, कशाला त्या भानगडीत पडताय?" मानसिंगराव घाम पुसत म्हणाले. "ऊन लई हाय. च्या घ्या की."

पण शिवराज कसला ऐकतोय! रविवारी तो यंत्र घेऊन हजर. बझरमधली पितळी चकती, ती फुग्यात घालून मेणानं बंद केलेली, तिला लांबलचक वायर आणि शेवटी हेडफोन. विहिरीवर ही गर्दी! बायका पोरं कडेवर घेऊन आलेल्या. शिवराजला तर आपण नौदलातच भरती झालोय असं वाटायला लागलं.

"दोघा भावांच्या काठावरच्या मोटारी बंद करा! ऐकायचं असलं की पाणबुडीसुद्धा आधी स्वतःचं इंजिन बंद करते!"

"लाइटच न्हाय सकाळधरनं," आबा म्हणाले, तरी फ्यूज काढून ठेवले. चकती पाण्यात बुडाली. सगळे श्वास रोखून उभे.

"काय ऐकू येतंय?"

"बेडूक," शिवराज म्हणाला.

असा काही हशा पिकला की बिचाऱ्याचे कान लाल झाले! ऋतुजा पदराआड हसत होती, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "लाइट आली रं!" आणि हेडफोनमध्ये घूंऽऽऽ!

"जहाज! जहाज!" शिवराज असा उडाला की विहिरीतच जायचा. मानसिंगरावांनी शर्टाला धरून मागं ओढला. पुढं त्यांना त्याचाही पश्चात्ताप झाला!

शिवराजनं चकती या कडेला सोडली, त्या कडेला सोडली. एका कडेला घूं जोरात! तिथं घाणेरीच्या झुडपात पाइप निघाला. झालं! पाइपामागं शिवराज, शिवराजमागं आबा आणि आबांमागं अख्खी वरात. पाइप बांध ओलांडून गेला आणि थेट शिरला मानसिंगरावांच्या डाळिंबात! पोत्याखाली मोटारीच्या स्टार्टरची पेटी. लाइट आली की मोटार आपोआप सुरू!

शिवराज घाईघाईनं पेटीवर पोतं परत ओढायला लागला. होणारा सासराच पकडला की! "आबा, हे... यंत्रच बिघडलंय माझं. बेडूकच असणार तो!"

"मान्या!" आबा गरजले. "तुझं लगीनकार्य तुज्यापाशी! माझा पाय पडायचा न्हाय त्या मांडवात!"

"कुटलं लगीन?" मानसिंगराव शिवराजवर उखडले. "असल्या माणसाला पोरगी न्हाय द्यायची!"

कुणीतरी पेटीचं बटण दाबून मोटार बंद केली. शिवराजचं तोंड एवढंसं झालं. आबा मात्र जोरात होते. विहिरीवर येऊन त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. "चोराची मोटार कशी गप बसली, ऐकू दे मला!"

ऐकलं, आणि आबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "काय न्हाय. यंत्र बंद पडलंय. गुंडाळा."

मानसिंगरावांनी हेडफोन हिसकावला. "घूं तर चालूच हाय! आन् हे बेअरिंगचं खर्रखर्र... दादा! ही तर तुमची जुनी मोटार! भंगारात घातली म्हनला हुता न्हवं?"

आबांनी मानसिंगरावांकडं बघितलं, मानसिंगरावांनी आबांकडं. मग दोघांनी मिळून शिवराजकडं बघितलं! आता हे आपल्याला उचलून विहिरीत टाकणार, अशी त्याची खात्रीच पटली.

दोघं भाऊ बाभळीमागं गेले. किती दिवसांनी बोलत होते, देव जाणे, पण कुजबुज काही संपेना. शिवराजचा जीव टांगणीला! शेवटी आबा खाकरत पुढं आले.

"पोरगी दिली!"

"ऑं?" शिवराजचा विश्वासच बसेना.

"पन यक अट हाय. ह्ये यंत्र हितंच ठेवायचं."

"कशाला आबा? चोर तर सापडले की!"

"हळू बोला, पाहुणं!" आबांनी इकडंतिकडं बघत त्याला जवळ ओढलं. "पलीकडच्या बसलिंगप्पाच्या हिरीचं पानी भर उन्हाळ्यातबी तुटत न्हाय. त्योबी कुटनं चोरून वडतोय का, जरा कान लावून बगू की!"

सुपारी तिथंच, विहिरीच्या काठावर फुटली. शिवराजचा आनंद गगनात मावेना! निघताना ऋतुजा फाटकापर्यंत आली, तेव्हा त्यानं ऐटीत विचारलं, "काय मग? शेवटी पडलोच ना आबांना पसंत?"

ऋतुजा तोंडावर हात ठेवून हसली. "तुम्ही? पसंत यंत्र पडलंय त्यांना. तुम्ही नुसते त्याच्याबरोबर आलाय की!"