पाकीट तपासणीस खुले आहे

भाऊ चौबळ पुस्तक विकण्याआधी त्याची झडती घेतात. दोन्ही पुठ्ठे दोन हातांत धरायचे, पुस्तक उलटं करायचं आणि ओला पंचा झटकावा तसं झटकायचं. आतून जे पडेल ते जप्त. आजवर एसटीची तिकिटं पडली, पिंपळाची जाळी झालेली पानं पडली, अंगाऱ्याच्या पुड्या पडल्या. एकदा मोरपीस पडलं.

"राहू द्या की ते भाऊ," मी म्हणालो. "घेणाऱ्याला बरं वाटेल."

भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अण्णा, मोरपीस हे छापील साहित्य नाही."

भाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पेणला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. मी रोह्याला असतो, एका कंपनीत स्टोअर सांभाळण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. पेणमध्ये जुनी घरं पाडून इमारती होऊ लागल्या तशी लोक पोत्यांनी पुस्तकं काढू लागले. ती रद्दीत जाताना भाऊंना बघवेनात. ते पोती घरी आणू लागले, आणि घरात चालायला जागा उरली नाही तेव्हा मोबाईलवर फोटो टाकून विकू लागले. सोलापूर, नांदेड, कुठून कुठून मागणी यायची.

आता या धंद्याचा सगळा जीव टपालाच्या सवलतीत होता. पुस्तक पाठवायचं असेल तर टपाल खातं 'बुकपोस्ट' म्हणून कमी दर लावायचं, पण अटी होत्या. आत फक्त छापील मजकूर. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आणि पाकीट असं बांधलेलं की टपालवाल्यांना वाटलं तर उघडून बघता यावं. बाकीचे विक्रेते हे वाचून विसरून जातात. भाऊंनी ते पाठ केलं. "सवलत म्हणजे उपकार नव्हे अण्णा, करार आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्याही तोंडात बसलंय.

उघडता यावं अशी गाठ ते गणपतीच्या कारखान्यात जाऊन शिकले. मूर्ती लांबच्या गावाला जाताना कारागीर सुतळीची एक गाठ मारतात. प्रवासात हलत नाही आणि पोचल्यावर एक टोक ओढलं की सुटते. ती गाठ मारून भाऊ पाकिटावर लाल शाईने लिहायचे, 'तपासणीस खुले'. दुःख एवढंच की तपासायला कोणी तयार नव्हतं. पेणच्या टपाल कचेरीत खिडकीवर म्हात्रेबाई बसतात, खाडीकडच्या गावातल्या. भाऊ पाकीट पुढे सरकवून म्हणायचे, "आज तरी सोडून बघा."

"काका, तुमच्या पाकिटात काय बाँब हाय काय? ठेवा वजनावर."

"नसेलही. पण तुम्ही बघायला नको?"

"मागं लाईन बघा कवढी झालीय. तीच बघते मी."

दिवाळी अंकावरून त्या दोघांची जुंपली ती हकीकत मला भाऊंनीच सांगितली. नियतकालिकाला ही सवलत नाही, पुस्तकाला आहे. मग दिवाळी अंक म्हणजे काय? भाऊंचं म्हणणं, जाडीने, बांधणीने, मजकुराने ते पुस्तक आहे. वर्षातून एकदाच येणाऱ्याला नियतकालिक कोण म्हणेल?

म्हात्रेबाई म्हणाल्या, "दिवाळी दर वर्षाला येते ना काका?"

भाऊ पाकीट काखेत मारून थेट स्टेशनवर गेले आणि रोह्याला आले. त्यांचं म्हणणं, पेण कचेरी कडक आहे, रोहा कचेरी समजूतदार आहे.

हे पुढे नेहमीचंच झालं. पंधरा दिवसांतून एकदा तरी फोन यायचा, "अण्णा, निडी सोडली. चहाचं आधण ठेवा." निडी म्हणजे रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. मागाहून भाऊ एका पाकिटासह दारात हजर. एकदा पाककृतींचं पुस्तक होतं; त्यात शेवटी 'आपल्या पाककृती' म्हणून कोरी पानं. कोरी पानं म्हणजे स्टेशनरी, आणि स्टेशनरीला सवलत नाही, म्हणून पेणने नाकारलं. एकदा एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, 'चि. विनायकास मुंजीनिमित्त, मामाकडून'.

"हा पत्रव्यवहार आहे का?" भाऊ मला विचारत होते. "एरवी नाही. कारण विनायकाला मामाने जे सांगायचं ते सांगून झालेलं आहे. पण घेणाऱ्या गृहस्थांचं नाव बघा."

मी पत्ता बघितला. घेणारे सोलापूरचे विनायकरावच होते.

"आता टपालवाले म्हणणार, मामाने विनायकाला सवलतीच्या दरात निरोप पाठवला. म्हात्रेबाईंनी परत केलं. बघू रोहा काय म्हणतं."

रोहा काही म्हणायचं नाही. रोह्याच्या खिडकीवरचा कारकून पाकीट तोलून शिक्का मारायचा आणि पुढच्याला बोलवायचा. परतीची गाडी दुपारनंतर. तोवर भाऊ माझ्याकडे. डब्यात वालाची उसळ आणलेली असायची, पिशवीत पोह्याचे पापड. माझ्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघायचे, फ्रिजमध्ये डोकावायचे. "हे दूध कधीचं?" "तुमच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात की, सांगितलं नाहीत?" झडती घ्यायची सवयच त्यांना, म्हणून मी वैतागायचो, पण नवल वाटायचं नाही.

इथे मला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. या येरझाऱ्या सुरू झाल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात कुसुम गेली. कुसुम म्हणजे माझी बायको, भाऊंची बहीण. दिवसकार्य झाल्यावर मी सगळ्या नातेवाइकांना स्पष्ट सांगितलं होतं की माझी विचारपूस करायला कोणी येऊ नका. मला तो सूर सहन होत नव्हता. दारात चपला काढतानाच लोकांचा चेहरा पडायचा, आणि मग मलाच त्यांचं सांत्वन करावं लागायचं. मुलगी परदेशातून रोज फोन करायची, तिलाही मी आठवड्यावर आणलं. लोकांनी ऐकलं. यायचे बंद झाले. मी सकाळी उठावं, भात टाकावा, तो दोन वेळा खावा आणि टीव्ही बघावा असं चाललं होतं. ज्या दिवशी भाऊ यायचे त्या दिवशी दाढी करायचो, एवढं मला आठवतंय. का करायचो ते तेव्हा मनात आलं नाही.

आणि या माणसाचं मी काय केलं? मी त्यांचा विनोद केला. पनवेलला एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या मी गोष्ट सांगितली, की आमचे भाऊ टपालाचे चार पैसे वाचवायला पेणहून रोह्याला येतात आणि तिकिटाला त्याहून जास्त घालवतात. वर वालाची उसळ वेगळी. लोक जेवता जेवता ठसकले. मग मला ती सांगायची सवयच लागली. बारशात सांगितली, साठीशांतीत सांगितली. दर वेळी थोडी वाढवून. शेवटी घराण्यात भाऊंचं नाव 'सवलत' पडलं. भाचेजावयाने तोंडावर विचारलं, "काय मामा, आहेर पण बुकपोस्टाने का?" भाऊ हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर हसले.

एकदा तर मी फारच बोललो. अंबा नदीला पूर आला होता, वाटेत नागोठण्यापाशी पाणी, गाड्या बंद. सकाळी आलेले भाऊ माझ्याकडे अडकले, दोन दिवस. माझ्या पलंगावर ते, मी खाली. दुसऱ्या दिवशी मी चिडून म्हणालो, "एका पाकिटापायी हे काय चालवलंय भाऊ तुम्ही? कुरियरवाला घरी येऊन घेऊन जातो. पुन्हा हे पाकीट घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

भाऊ पापड भाजत होते. चिमटा तसाच धरून म्हणाले, "कुरियरला काही नियमच नाहीत हो. त्यात काय मजा?"

पंधरा दिवसांनी निडीहून फोन आलाच.

मग ती सवलतच बंद झाली. काही सूचना नाही, काही नाही. एके दिवशी खिडकीवर सांगितलं की आता पुस्तकही साध्या सामानाच्या दराने जाईल. भाऊंच्या धंद्याचं कंबरडं मोडलं, कारण पुस्तकापेक्षा टपाल महाग झालं. मागण्या आटल्या. पुढे ती सवलत नव्या नावाने, नव्या अटींनी परत आली, पण मी सांगतोय ते मधल्या दिवसांचं. त्या काळातही ते पुस्तकं झटकत होते, नियम उरला नसताना. फक्त रोह्याला यायचं बंद झालं. नियमच नाही तर नाकारणार कोण, आणि पेणने नाकारलं नाही तर रोह्याला यायचं कशाला?

पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग भाताच्या कुकरची शिट्टी ऐकूनही उठावंसं वाटेना. दाढी वाढली. गोळ्या संपल्या होत्या, त्या आणायला मला आठवडा लागला.

तेवढ्यात कळलं की भाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी कळवलं नव्हतं. त्यांच्या घरी तरी कोण आहे? लग्न केलं नाही, पोती आहेत. मी पेणला गेलो. भाऊ पाय स्टुलावर ठेवून बसले होते, दोन्ही बाजूंना पुस्तकांचे ढीग.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "एक पाकीट पडून आहे. दिवाळी अंक आहे, नांदेडला जायचाय. पूर्ण दर लावू दे, घेणारा तयार आहे. तेवढं टाकून या."

मी पाकीट घेऊन गेलो. खिडकीवर म्हात्रेबाईंनी सुतळीची गाठ बघितली आणि वर माझ्याकडे.

"चौबळ काकांचं ना? तुमी रोह्याचे अण्णा काय?"

"हो. ते पडून आहेत, म्हणून मी आलो. तुम्हीच ना ते, त्यांची पाकिटं परत करणाऱ्या?" मी थट्टेने म्हणालो. थट्टेची सवय जात नाही.

बाईंचा चेहरा बदलला. "आमी? आमी एक पण परत नाय केलं ओ. दिवाळी अंकावरनं भांडलो, तेवढं खरं. पण घेत होती मी तो. शेवटी कोण बघतो? तर काकांनीच पाकीट मागं वढलं."

"आणि ते मुंजीचं पुस्तक? विनायकाचं?"

"त्याच्यावर तर आमी सगले हसलो. वजन पण केलं होतं मी. काका म्हणतात, 'बाई, तुम्ही नाकारलंत असं समजा.' मी म्हटलं, कसं समजू? मशीनवर हाय ना ते. तर म्हणाले, 'रोह्याला माझा एक माणूस आहे. बायको गेल्यापासून कोणी विचारपूस करायला आलेलं त्याला खपत नाही. कामाने आलेला चालतो.'" बाई पाकीट तोलत होत्या. "मग दर वेलेला मी नाय म्हणायची. काका खूश. आमच्या इथं सगल्यांना म्हाईत होतं."

सगळ्यांना माहीत होतं. मागची माणसं खोळंबली होती. मी पैसे दिले, पावती घेतली आणि बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो.

म्हणून हे लिहितोय. ज्या ज्या पंगतीत मी ती गोष्ट सांगितली त्या सगळ्यांना आता गाठता येणार नाही. काही जण तर राहिलेही नाहीत. जे आहेत त्यांनी वाचावं. भाऊ चौबळ कंजूष नाहीत. तिकिटाला जास्त पैसे जातात हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. गणित मला येत नव्हतं.

त्या दिवशी भाऊंच्या घरी परतलो तर त्यांनी विचारलं, "घेतलं का?"

त्यांना सांगायला काय हरकत होती? बाईंनी सांगितलं म्हणून सांगावं, पाया पडावं, रडावं, काहीही करता आलं असतं. पण ते स्टुलावरचा पाय सावरत होते, आणि मला आठवलं की दारात चेहरा पाडून आलेली माणसं मला कशी वाटायची. पावती खिशात होती. ती मी तशीच राहू दिली.

"नाही घेतलं," मी म्हणालो. "म्हात्रेबाई अडून बसल्या. आता रोह्याला नेऊन बघतो. तिथे काय होतं ते बुधवारी येऊन सांगतो."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. पूर्ण दर भरल्यावर कुठलीही कचेरी काहीच नाकारत नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि नियम त्यांना पाठ होते.

त्यांनी ढिगातून एक पुस्तक उचललं, उलटं धरलं, झटकलं. काही पडलं नाही.

"बुधवारी सकाळच्या गाडीने या," ते म्हणाले. "जेवायलाच या. कडक आहेत बाई, एका खेपेत व्हायचं नाही हे."