भिंतीपलीकडचा थवा

त्र्यंबकराव संध्या आटोपून परसात आले आणि तिथेच थबकले. शेवंती फुलली होती, जास्वंद फुलली होती, पण फुलपाखरू औषधालासुद्धा नव्हतं. त्यांनी टाचा उंचावून भिंतीपलीकडे पाहिलं. परशुरामपंतांच्या परसात मात्र काळी-पिवळी फुलपाखरं लग्नघरातल्या वऱ्हाडासारखी मिरवत होती.

"अगं ऐकलंस का? पंतानं आपली फुलपाखरं पळवली!"

"फुलपाखरं काय म्हैस आहे, दावं सोडून न्यायला?" स्वयंपाकघरातून सुमतीबाई म्हणाल्या.

बायकोला कचेरीतली कारस्थानं कुठून कळणार? ठाण्याच्या कचेरीत हेडकारकुनाची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यावर डोळा ठेवून दोघेच होते, एक त्र्यंबकराव आणि दुसरे हे परशुरामपंत. नवा साहेब फुलपाखरांपायी वेडा. परवाच कोलशेतला पाहणी सोडून तो जाळं घेऊन खाडीच्या चिखलात शिरला होता. तेव्हा त्र्यंबकरावांनी संधी साधली आणि "साहेब, आमच्या परसात या, नुसता थवा असतो," असं बोलून बसले. साहेब उद्या सकाळी यायचा होता आणि थवा गेला शेजारी!

त्यातून पंत हल्ली कचेरीत त्यांच्याशी धड बोलत नसत. समोर आले की नजर चुकवत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"गुळाचं पाणी शिंपडत असणार लबाड," त्र्यंबकराव म्हणाले. "काहीतरी निमित्त काढून जा आणि बघून ये."

सुमतीबाई विरजण मागायला गेल्या आणि विचारात पडून परत आल्या. "गूळबीळ काही दिसला नाही. पण पपनसाच्या झाडाला लिंबू-मिरच्या बांधल्यात, आणि वहिनींनी मला परसात पाऊल टाकू दिलं नाही."

"बघ! मंत्रतंत्र चाललंय! मला वाटलंच होतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्र्यंबकरावांनी भिंतीला लागून पाटावर पाट रचले आणि वर चढून पलीकडे डोकं काढलं. त्याबरोबर एका हातानं त्यांची शेंडी गच्च पकडली.

"सापडला चोर!" भिंतीआड दबा धरून बसलेले पंत ओरडले. "रोज माझ्या पपनसावर अळ्या टाकता? जागेसाठी करणी करता माझ्यावर?"

"शेंडी सोडा! कसल्या अळ्या? आधी माझी फुलपाखरं परत करा!"

"मारायचीही सोय नाही हो! भगत म्हणाला, एक जरी अळी मेली तरी घरावर उलटेल. हात जोडून पोसतोय मी त्यांना!"

त्र्यंबकरावांनी मान वळवायचा प्रयत्न केला. मागे सुमतीबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या केळीच्या पानावर हिरव्यागार अळ्या वळवळत होत्या.

"अहो, तुम्हीच नाही का सांगितलंत?" त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या लिंबाच्या झाडावरच्या अळ्या मारू नकोस, पाप लागेल, भिंतीपलीकडे टाक म्हणून. त्यांचीच वाढून फुलपाखरं झाली असतील."

पंतांची मूठ सुटली, पाट सरकले आणि त्र्यंबकराव शेवंतीत पडले. तेवढ्यात घोड्याच्या टापा वाजल्या. साहेबानं थवा लांबूनच पाहिला होता. यजमान कोण, हे विचारायच्या भानगडीत न पडता तो सरळ पंतांच्या परसात घुसला आणि जाळं फिरवू लागला. धरलेलं प्रत्येक फुलपाखरू तो बाटलीत कोंडे, मग टाचणीनं फळीवर टोचे. पंत डोळे मिटून मनातल्या मनात राम राम म्हणत आणि तोंडानं "येस सर, येस सर" करत उभे राहिले.

ती जागा पंतांना मिळाली.

त्या दिवशी त्र्यंबकरावांना घास उतरेना. इतकी वर्षं खर्डेघाशी करून हे फळ! अगदी रडू यायचं बाकी होतं. शेवटी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली.

"जाऊ दे. बढती त्याची झाली, पण त्या मुक्या जिवांच्या हत्येचं पापही त्याच्याच माथी."

सुमतीबाई ताक वाढता वाढता थांबल्या.

"वहिनी सांगत होत्या, पंतांनी कालच भटजी बोलावून त्या पापावर उदक सोडलं. अळ्या ज्याच्या, पाप त्याचं."