पहिल्या तासाची सूचना

शुक्रवारी सकाळी शाळेची घंटा व्हायला दोन मिनिटं उरली असताना गणिताच्या बाई शिक्षकखोलीतल्या प्रिंटरशी हुज्जत घालत उभ्या होत्या. घरच्या प्रिंटरची शाई लेकीनं संपवून ठेवली होती, आणि बाईंचा गृहपाठ उद्या द्यायचा होता. हो, गृहपाठच! बावीस वर्षं दुसऱ्यांना गृहपाठ देऊन झाल्यावर बाईंना या वयात शैक्षणिक नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी घ्यायची बुद्धी झाली होती, आणि तिथल्या मार्गदर्शक मॅडम बाईंपेक्षा कडक निघाल्या होत्या. शाळेतली पर्यवेक्षकाची जागा दोन महिन्यांत रिकामी होणार होती. ती जागा पदवीशिवाय मिळणार नव्हती, आणि पदवी हा गृहपाठ ज्याचा होता त्या शेवटच्या पेपराशिवाय. हा पेपर बाईंचा एकदा राहिलाही होता, पण ते नवऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रश्न असा होता : ‘तुम्ही मुख्याध्यापक आहात असे समजून शाळेत बदल घडवणारी एक सूचना लिहा.’ बाईंनी भाजी निवडता निवडता विचार करून झकास लिहिलं होतं. ‘सर्व शिक्षकांसाठी. सोमवारपासून पहिल्या तासाला प्रत्येक शिक्षकाने शेजारच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तिथला तास पाहावा. मध्ये अजिबात बोलू नये. – मुख्याध्यापक.’ प्रिंटर आधी ढिम्म हलेना, आणि मग एकदम दोन प्रती ओकला. बाईंनी वरची उचलली, तेवढ्यात घंटा झाली आणि त्या वर्गाकडे पळाल्या.

खालची प्रत शिपाईमामांना सापडली. मामांचा नियम सरळ होता. ज्या कागदावर वर ‘सर्व शिक्षकांसाठी’ आणि खाली ‘मुख्याध्यापक’, तो सूचनावहीत चिकटवायचा, मोठ्या सरांपुढे धरायचा, आणि सही झाली की वर्गावर्गातून फिरवायचा. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. ते तेव्हा फोनवर पाण्याच्या टाकीवाल्याला झापत होते. झापता झापता त्यांनी तारीख टाकून सही केली. मग वही फिरली. तास चालू असताना दारात वही आली की एका हातात खडू तसाच धरून दुसऱ्या हातानं सही ठोकायची, ही त्या शाळेची जुनी रीत. वाचायचं काय त्यात? चौदाच्या चौदा शिक्षकांनी सह्या केल्या. सातवी सही गणिताच्या बाईंची होती.

सोमवारी सकाळी चित्रकलेच्या बाई आपली रजा मंजूर झाली का बघायला वही उघडून बसल्या आणि किंचाळल्या.

“अहो, आज पहिल्या तासाला दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसायचंय!”

“कोण म्हणतं?” भाषेच्या सरांनी विचारलं.

“वहीत आहे. तुमची सही आहे की खाली.”

भाषेच्या सरांनी आपली सही निरखून पाहिली. “आहे खरी. म्हणजे मला माहीत होतं.”

“मलाही होतं,” खेळाचे सर घाईघाईनं म्हणाले.

बघता बघता ते सगळ्यांनाच माहीत होतं. न वाचता सही केली हे कबूल कोण करणार? तेवढ्यात गणिताच्या बाई धापा टाकत आल्या आणि त्यांच्यापुढे वही सरकवली गेली. पहिल्या ओळीला त्यांना वाटलं, मोठे सर बरे सुधारले! दुसऱ्या ओळीला वाटलं, हे आपण कुठंतरी वाचलंय. तिसऱ्या ओळीला कळलं, हा तर आपलाच गृहपाठ!

“थांबा थांबा, ही सूचना खरी नाही!”

“खरी नाही कशी? तुमचीच सही आहे,” भाषेचे सर म्हणाले, आणि घंटा झाली.

सगळे निघाले आणि शेजारच्या वर्गांत शिरून मागच्या बाकांवर बसले. बाई व्हरांड्यात एकट्या उरल्या, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे शिक्षक मागच्या बाकावर, मग फळ्यापुढे कोण? साधी वजाबाकी, आणि गणिताच्या बाईंनाच सुचली नव्हती!

त्यांनी आपल्याच वर्गाच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. भाषेचे सर गुडघे हनुवटीला लावून चिमुकल्या बाकावर बसले होते. मुलं पुढे बघत होती, मागे बघत होती. “सर, शिकवणार कोण?” असं कुणीतरी विचारलं, तर सरांनी ओठांवर बोट ठेवलं. सूचनेत बोलायची बंदी होती ना! शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी उठली, “मग मीच घेते,” म्हणाली आणि फळ्यावर अपूर्णांक मांडू लागली. बोलणं हुबेहूब बाईंचं. “मागच्या बाकावरचे, लक्ष कुठंय?” तिनं दरडावलं, तसे भाषेचे सर ताठ झाले. पलीकडच्या वर्गातही एक मुलगा नकाशा उलगडत होता. बाई तडक मोठ्या सरांच्या खोलीत घुसल्या.

“बाई, हा काय गोंधळ आहे?” सर वही नाचवत ओरडले. “ज्यानं ही सूचना काढली त्याला मी घरी बसवतो! आणि माझी सही कोणी केली?”

“तुम्हीच केलीत, सर.”

“मी?” सरांनी चष्मा चढवला. “आहे की माझीच. पण मी कधी...” ते मटकन खुर्चीत बसले. “बाई, मला काही होतंय का हो? परवा घराची किल्लीही आठवेना.”

बाईंना त्यांची दया आली. घरी बसवणार तर बसवू देत, पण या माणसाला असं घाबरवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. “सर, तुम्हाला काही झालेलं नाही. ती सूचना खरं तर मी...”

तेवढ्यात दार उघडून संस्थेच्या अध्यक्षीणबाई आत आल्या. त्या आल्या होत्या पाण्याच्या टाकीचं बघायला, पण वाट सगळ्या वर्गांवरून होती.

“मुख्याध्यापक, हा काय प्रकार चाललाय?”

सर उभे राहिले. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता.

“मुलं शिकवतायत आणि शिक्षक मागं बसून बघतायत! अहो, किती वर्षं मी हेच तर सांगतेय! कल्पना कोणाची?”

सरांनी बाईंकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. “माझी असावी,” ते चाचरत म्हणाले. “सही माझी आहे.”



पंधरवड्यात ती सूचना मोठ्या सरांच्या नावानं संस्थेच्या सगळ्या शाळांत गेली. सरांची भाषणं झाली. पहिल्या भाषणात ही कल्पना त्यांना ‘कशी कोण जाणे’ सुचली होती. दुसऱ्यात ती सकाळी फिरताना सुचली. तिसऱ्यापर्यंत त्यांना ती कोणत्या वळणावर सुचली तेही आठवू लागलं होतं, आणि त्यात खोटेपणा नव्हता, बिचाऱ्यांना तसंच वाटत होतं. बाईंनीही मनाची समजूत घातली. जाऊ दे, आपला पेपर तर सुटेल!

त्यानंतरच्या शनिवारी मार्गदर्शक मॅडमनी त्यांचा गृहपाठ समोर ठेवला. वर लाल शाईत एकच शब्द होता. नक्कल.

“मॅडम, हे मी लिहिलंय!”

“तुमच्या संस्थेनं वहीच्या पानाची प्रत आमच्याकडेही पाठवलीय. मूळ सूचनेवर शुक्रवारची तारीख आहे. तुमचा गृहपाठ शनिवारी आला. आणि सूचना वाचल्याची तुमची सहीसुद्धा आहे, सातवी.”

“पण मॅडम, मी ती वाचलीच नव्हती.”

“न वाचता सही करता? आणि नेतृत्व शिकायला येता?” मॅडमनी कपाळाला हात लावला. “फळ्यापुढे कोण, हे तुमच्या मुख्याध्यापकांनी किती विचारपूर्वक मोकळं सोडलंय! तुम्ही नुसतं उतरवलंत. आता एकच करता येईल. मूळ लेखकाची लेखी परवानगी आणा, म्हणजे पास होण्यापुरते गुण देता येतील.”

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. “मग मोठ्या सरांना खरं काय ते सांगून टाक की.”

“आणि पर्यवेक्षक म्हणून माझी शिफारस कोण करणार? तेच ना?”

“मग परवानगी माग.”

“माझंच लिहिलेलं वापरायला?”

“हो. आणि जरा गोड बोलून माग.”

सोमवारी बाई मोठ्या सरांपुढे उभ्या राहिल्या. सरांनी शांतपणे ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, तुम्ही माझी सूचना उतरवलीत?”

“हो, सर.”

“वाईट वाटलं मला. बावीस वर्षं ओळखतो तुम्हाला.” मग त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी कागद ओढला, स्वतःच्या अक्षरात परवानगी लिहिली आणि शाळेचा शिक्का मारला. “घ्या. पर्यवेक्षकपदासाठी तुमचं नावही मी कळवणार आहे, चूक कबूल करायला धीर लागतो. फक्त पुढच्या वेळी स्वतः विचार करून बघा. अवघड नसतं हो, येतं हळूहळू.”

“थँक्यू, सर,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

जिना उतरता उतरता त्यांच्या लक्षात आलं, की आभार त्यांनी अगदी मनापासून मानले होते.