पन्नासाच्या वरचा हादरा

कोणतंही यंत्र दुरुस्त केल्याशिवाय खऱ्या अर्थाने बिघडत नाही. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढल्यामुळे (बरीचशी बसूनच) हे मी अधिकाराने सांगू शकतो. कालव्याला गळती असते तोवर पाणी निदान कुठे जातं हे ठाऊक असतं. गळती काढली की चौकशी समिती नेमावी लागते.

चौऱ्याण्णव साली निवृत्त झालो आणि एक जुनी गाडी घेतली. तिचं वय बावीस होतं, म्हणजे माझ्या प्रणिताएवढंच. गाडी घेण्याचं प्रयोजनही प्रणिताच. ती पेणला दिलेली, तिला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे रोह्याला व्हायचं होतं. लेकीला एसटीने नव्हे, स्वतःच्या गाडीतून आणीन, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. चारचौघांत बोलू नये ते याचसाठी.

गाडीचा क्लच घसरत होता, तो कान्हू मिस्त्रीने बदलला. कान्हूचं गॅरेज म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरचं एक आंब्याचं झाड आणि त्याखाली आडवा पडलेला कान्हू. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी तिथून मागच्या चाकांकडे जाणारा लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, आधी सोडवावा लागतो. हे सगळं यथास्थित झालं. क्लच लोण्यासारखा लागू लागला. फक्त काटा पन्नासावर गेला की गाडी अंगात आल्यासारखी थरथरे. पन्नासाच्या खाली ती गरीब गाय होती.

"क्लच बेस झालाय ना, आप्पा?" कान्हू म्हणाला. "मग हादरा क्लचचा नाय. तो येगळा हाय."

खातं बदललं की जबाबदारी संपते, हे तत्त्व मला चांगलंच परिचित असल्यामुळे उत्तर लगेच पटलं.

जुन्या गाडीच्या हादऱ्याचं निदान करणं ही आपल्याकडे मोफत सार्वजनिक सेवा आहे. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. बॉनेट उघडलं की पुरे. टायरवाल्याने इंजिनावर बोट ठेवलं. इंजिनवाल्याने टायरवर. कोलाडच्या हॉटेलवाल्याने पेट्रोलात रॉकेल असल्याचं सांगून चहा पुढे केला. एकूण मतांपैकी निम्मी टायरकडे, पाव इंजिनाखालच्या रबरांकडे आणि निम्मी माझ्या चालवण्याकडे झुकली. (बेरीज जास्त भरते, कारण घरचं मत रोज नव्याने नोंदलं जात होतं.)

मी मात्र शास्त्रीय मार्ग धरला. पंचावन्नला गाडी न्यूट्रल केली, हादरा कायम. सबब इंजिन निर्दोष. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली, हादरा कायम. सबब चाकं निर्दोष. तरीही इंजिनाखाली नवी रबरं बसवून पाहिली. हादरा तोच राहिला, पण नव्या रबरांतून येत असल्यामुळे अधिक दर्जेदार वाटू लागला.

मग मी प्रणिताला आणायला पेणला गेलो. विहीणबाई कृष्णाबाईंनी आधी स्वतः गाडीत बसून वडखळपर्यंत चक्कर मारली. उतरल्या आणि थोडा वेळ दाराला धरून उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "पोरीला सातवा सरलाय. ह्या गाडीतनं मी माझी मडकी पन नाय धाडायची. गळ्यापातूर भरलेला तांब्या मागच्या शिटावर ठेवा नि रोह्यावरनं हितं आणा. थेंब सांडला नाय तर न्या तुमची लेक."

इतकी स्वच्छ अट मी सरकारी निविदेतही वाचलेली नव्हती. प्रणिता पायरीवर बसून ऐकत होती. पिशवी तिने भरून ठेवली होती.

"आप्पा, तिसानं चालवा ना," ती म्हणाली. "तिसाला गाडी हालत नाय. दुपारपर्यंत पोचू की."

पोरीला यंत्रातलं काय कळणार? तिसाने गेलो असतो तर तांब्या पोचला असता, प्रणिता पोचली असती, पण हादऱ्याचं कारण कायमचं अज्ञात राहिलं असतं. मी तिला धीर देऊन एकटाच परत आलो.

यापुढे गाडीच्या सर्व चाचण्या तांब्यानिशी होऊ लागल्या. कोलाड ते खांब हा रस्त्याचा त्यातल्या त्यात गुळगुळीत तुकडा, त्यावर मी आणि कान्हू जा-ये करायचो. पन्नासापर्यंत पाणी झोपलेलं असे. पन्नासाच्या वर ते उठून शिटावर येई. मागचं शीट कधी वाळलं नाही.

"अवो, आठवा सरला," माझी बायको सरू म्हणाली. "पोर डोळं लावून बसल्ये. जीप करा नायतर एसटीनं आणा, पन आणा."

"सापडत आलंय गो," मी म्हणालो. हे मी पूर्ण प्रामाणिकपणे म्हणालो होतो आणि तसंच ते आदल्या आठवड्यातही म्हणालो होतो.

एका सकाळी खांबजवळ गाडी कडेला लावून कान्हू तिच्याखाली शिरला होता. तेवढ्यात पेणकडे जाणारी एसटी गेली. खिडकीत सरू होती आणि जोरजोरात हात करत होती. नवऱ्याच्या चिकाटीचं कौतुक बायका सहसा उघडपणे करत नाहीत, त्यामुळे मला बरं वाटलं. मीही हात केला.

"आप्पा," गाडीखालून कान्हू म्हणाला, "शाफ्ट होता तसाच परत बसावा म्हणून सोडवायच्या आधी मी जोडाच्या दोन्ही तोंडांवर तांबड्या रंगाची खूण केलेली. जोडताना तांबड्यासमोर तांबडा घेतला. पन ह्यो एक खरडला तर खालनं हळद निघते."

हळद माझी होती. शाफ्ट आंब्याखाली सुटा पडलेला असताना दसरा आला होता. यंत्राची पूजा चुकू नये म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन शाफ्ट स्वहस्ते रॉकेलने लख्ख पुसला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूही घातला होता. पुसताना कान्हूची खूण गेली आणि नेमकं तिच्या विरुद्ध अंगाला माझं कुंकू तेलात भिजून बसलं. थोडक्यात, शाफ्ट अर्धा फेरा उलटा, पण विधिवत बसला होता.

"देवाचं हाय म्हणून बोलत नाय," कान्हू म्हणाला आणि त्याने शाफ्ट फिरवून बसवला.

गाडी साठाला गेली. तांब्यातलं पाणी हललं नाही. पेणला घराला कुलूप होतं. शेजारणीने दवाखाना दाखवला. मी तांब्या घेऊनच आत गेलो. व्याही दिनानाथराव दारातच भेटले.

"बाळ-बाळंतीण सुखरूप हायत," ते म्हणाले.

"शाफ्ट उलटा बसला होता," मी म्हणालो.

"व्हय? मग साठाला गेली?" दिनानाथरावांनी विचारलं.

कृष्णाबाईंनी माझ्या हातातला तांब्या घेतला, आत पाहिलं आणि तसाच प्रणिताच्या तोंडाला लावला. ती बरंच पाणी प्यायली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तिसानं आणलं असतंत, आप्पा, तर आपल्या घरात झालं असतं."

ती रागावली नव्हती, म्हणून मला जास्तच लागलं. सरू तिच्या उशाशी बसली होती. ती वर बघेना. पोरीच्या पहिल्या बाळंतपणाचं माहेरपण मी गाडीखाली घालवलं होतं, आणि गाडीला बोल लावायलाही जागा नव्हती, कारण तिसाला ती कधीच हलली नव्हती.

हा अनुभव मी पुढे पुष्कळांना सांगितला. सगळे मन लावून ऐकतात. कोणी मध्येच जॉइंट म्हणतो, कोणी बेअरिंग. तुमचंही टायरांपाशीच काहीतरी मत बनलं असेल आणि शाफ्ट सापडल्यावर तुम्हाला हायसं वाटलं असेल. स्वाभाविक आहे. प्रणिताला मुलगा झाला की मुलगी, हे मी त्या दिवशी सगळ्यांत शेवटी विचारलं. तुम्ही तर अजूनही विचारलेलं नाही.